जुनाट टेंडनचं दुखणं: ओळखायचं कसं, बरं कसं करायचं आणि पुन्हा गरब्यात कधी उतरायचं

वडोदऱ्यात नवरात्र उरकलं की दवाखान्यात टाचा यायला लागतात, आणि उत्तरायण झालं की कोपरं आणि खांदे. माणूस येतो तो त्या नऊ रात्रींना किंवा दोन दिवसांच्या पतंगबाजीला दोष देतच. जरा खोदून विचारलं की कळतं, दुखणं चैत्रापासूनचं आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत टाकायची, मग ‘चालून चालून मोकळं होतं’ म्हणून सोडून द्यायचं, असं सहा-सहा महिने चाललेलं असतं. मधल्या काळात मालिश झालेलं असतं, बाम लावून झालेला असतो, शेजाऱ्यांनी दिलेला पट्टा बांधून झालेला असतो. पंधरा दिवस ‘पूर्ण आराम’सुद्धा झालेला असतो. आराम केला की बरं वाटतं, खेळायला गेलं की चौथ्या दिवशी पुन्हा जैसे थे.

हा लेख अशा रेंगाळलेल्या, तीन महिन्यांहून जुन्या दुखण्याबद्दल आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली मराठी मंडळी माझ्याकडे बरीच येतात, म्हणून उदाहरणंही त्यांच्याच घरातली. मुद्दा आधीच सांगून टाकतो: जुनं टेंडन आरामाने बरं होत नाही, चोळून तर नाहीच. त्याला भार पेलायची सवय पुन्हा लावावी लागते, हळूहळू, आणि त्याला तीन-चार महिने लागतात. गोळ्या, पट्टे, मशिनं, इंजेक्शनं ही सगळी फार तर जोडीला.

आत नेमकं बिघडतं काय

टेंडन म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणारा पांढरा चिवट पट्टा. त्यात कोलॅजन या प्रथिनाचे धागे एकमेकांना समांतर, दाटीने बसलेले असतात. रक्तपुरवठा बेताचा आणि पेशी थोड्या, त्यामुळे दुरुस्ती स्नायूपेक्षा खूपच संथ. पेलवेल त्याहून जास्त ताण वारंवार पडला की टेंडन पाणी धरून जाड होतं आणि दुखायला लागतं. इथेच ताण कमी केला तर ते पूर्ववत होऊ शकतं. तसंच रेटत राहिलं तर धाग्यांची रचना विस्कटते आणि एरवी नसतात तिथे बारीक रक्तवाहिन्या व नसांची टोकं शिरतात. जिल कुक आणि क्रेग पर्डम या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टांनी २००९ मध्ये हे टप्पे एका सलग मांडणीत बसवले. आज आम्ही बहुतेक जण त्याच चौकटीत विचार करतो.

रोग्याच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. जुन्या टेंडनमध्ये दाहाचा भाग थोडा असतो, म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस हलकं वाटतं, पण विस्कटलेली रचना जागच्या जागी राहते. दुसरी गोष्ट दिलाशाची आहे. खराब झालेला तुकडा पुन्हा कोरा करकरीत झाला नाही तरी चालतं. भोवतीचा चांगला भाग मजबूत केला की तो भार उचलतो. सोनोग्राफीत डाग दिसत असूनही मजेत पळणारी माणसं भरपूर आहेत.

पायरी १: हे टेंडनचंच दुखणं आहे का

मी सगळ्यात आधी म्हणतो, “एका बोटाने दाखवा.” जो अख्खा तळहात पोटरीवरून फिरवतो, त्याचं मूळ बहुधा दुसरीकडे असतं, स्नायूत किंवा कमरेतून येणाऱ्या नसेत. जो अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत टाचेमागचा नेमका बिंदू पकडतो, त्याचं बहुतेक टेंडनचंच निघतं.

दुसरी खूण म्हणजे भार वाढेल तसं दुखणं वाढतं. सावकाश चालताना थोडं, भरभर चालताना जास्त, जिना चढताना त्याहून, आणि उडी मारली की सगळ्यात जास्त. सुरुवातीला दुखतं, अंग गरम झालं की विरतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासकट परत येतं. बसल्या जागी, काहीही न करता रात्रभर ठणकत असेल तर मला टेंडनबद्दल शंका येते.

टाचेमागचं, म्हणजे ॲकिलीस टेंडन घरीच तपासता येतं. पलंगावर पालथं झोपा, पावलं कडेबाहेर लोंबकळू द्या. घरातल्या कुणाला तरी टाचेच्या हाडापासून वर सरकत टेंडन दोन बोटांच्या चिमटीत हलकेच दाबायला सांगा. हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर दुखलं आणि तिथे दुसऱ्या पायापेक्षा जाडसर लागलं, तर बिघाड टेंडनच्या मधल्या भागात आहे. अगदी हाडाला चिकटतं तिथेच दुखलं, तर तो टोकाचा बिघाड. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढचा व्यायाम त्यावरच ठरतो. आता पाऊल वर-खाली हलवा. जाडसर गाठ पावलाबरोबर सरकली तर ती टेंडनमध्येच आहे. जागची हलली नाही तर त्रास वरच्या आवरणाचा असण्याची शक्यता जास्त.

मग उभं राहा, भिंतीला नुसती बोटं टेकवा, आणि एका पायावर टाच पूर्ण उचलून खाली आणा. किती वेळा जमतं ते मोजा, आधी चांगला पाय, मग दुखरा. निरोगी तरुण माणसाला २०-२५ जमायला हवेत, साठीत कमी जमले तरी चालतील. दोन पायांतला फरक जास्त महत्त्वाचा. दुखरा पाय आठव्यालाच थरथरतो, टाच अर्धीच उचलली जाते, गुडघा आपसूक वाकतो. दुखणं ० ते १० मध्ये किती, तेही लिहून ठेवा. सविस्तर मोजमाप हवं असेल तर २००१ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेली व्हिसा-ए ही १०० गुणांची प्रश्नावली आहे. ती फिजिओथेरपिस्ट भरून घेतील.

बाकीच्या सांध्यांच्या खुणा थोडक्यात. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाशी, पावागढच्या पायऱ्या उतरताना किंवा बैठक मारताना दुखणं म्हणजे वाटीखालचं टेंडन. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखणं आणि दुधाचं भरलेलं पातेलं सांडशीने उचलताना, ओली चादर पिळताना कळ येणं म्हणजे टेनिस एल्बो. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे: हात कोपरातून सरळ, तळहात खाली, आणि खुर्ची पाठीच्या कडेला धरून उचला. कळ आली तर बोट आपोआप त्या हाडावर जातं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवा. तिथेच कळ आली तर अंगठ्याचं टेंडन. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये हे फार दिसतं. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यातच, साधारण ६० ते १२० अंशांत, दुखत असेल तर खांद्याचं. आणि पन्नाशीच्या काकू ‘सायटिका आहे’ म्हणत येतात, कुशीवर झोपल्यावर कमरेखालचं बाजूचं हाड दुखतं म्हणतात. त्यांना दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभं करा, त्याच जागी दुखतं का बघा. पुष्कळदा सायटिका नसतेच, नितंबाचं टेंडन असतं.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

खेळताना ‘मागून कुणीतरी लाथ मारली’ असं वाटलं, वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं, आणि त्यानंतर पंजावर उभं राहता येत नाही, तर टेंडन तुटलेलं असू शकतं. पालथं झोपवून पोटरी दाबली की निरोगी पाऊल हलतं, तुटलेल्या टेंडनचं हलत नाही. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ‘मुरगळलंय, उद्या बघू’ यात आठवडे जातात आणि उपचार अवघड होतो.

पोटरी सुजून गरम झाली असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर रक्ताची गुठळी आधी तपासायची. ताप असेल, सांधा लाल झाला असेल, तेव्हाही व्यायाम नको. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात, कंबर पहाटे आखडते आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, तर मी त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवतो. ते स्पॉन्डिलायटिसचं, म्हणजे मणक्याच्या संधिवाताचं लक्षण असू शकतं आणि त्याची औषधं वेगळी. दोन्ही टाचांची टेंडनं जाड, गाठाळ लागली आणि घराण्यात कमी वयात हार्ट ॲटॅक आलेले असतील तर आधी कोलेस्टेरॉल तपासा. आणि टाच दुखणारं मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर हा लेख त्याच्यासाठी नाही. त्या वयात दुखतो तो बहुधा टाचेच्या हाडाचा वाढता भाग.

एक औषधांचं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिकं टेंडनला इजा करू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २००८ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. साठीपुढे आणि स्टिरॉइड चालू असताना धोका वाढतो. लघवीच्या किंवा पोटाच्या तक्रारीसाठी घेतलेला कोर्स आणि दोन आठवड्यांनी सुरू झालेलं टाचेचं दुखणं, यांचा संबंध रोगी स्वतःहून सांगत नाही. विचारावंच लागतं. औषध आपल्या मनाने मात्र बंद करायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं.

पायरी २: दुखणं सुरू होण्याआधी काय बदललं

टेंडनला जास्त काम चालतं, एकदम वाढलेलं काम चालत नाही. कागद घ्या आणि दुखणं सुरू होण्याच्या आधीचे दोन महिने आठवा. कामाटीबागेत दोन फेऱ्यांच्या पाच झाल्या का? गरब्याचे क्लास सुरू झाले का? जुने बूट टाकून सपाट तळाचे घेतले का? मधे आजारपणाने तीन आठवडे झोपून मग पहिल्याच दिवशी पूर्वीइतकं केलं का?

गरबा टेंडनच्या दृष्टीने कठीण परीक्षा आहे. अनवाणी पाय, टणक जमीन, पंजावरची उडी, गिरकी, आणि तेही तासन्‌तास. नुसतं धावतानाच ॲकिलीसवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३६० ते ४८० किलो. वर्षभर खुर्चीत बसलेलं टेंडन नवरात्रात असे हजारो झटके सलग नऊ रात्री घेतं. उत्तरायणात तसंच हाताचं. मांजा बोटांत धरून मनगटाने सकाळपासून अंधार पडेपर्यंत ठुमके द्यायचे, आणि वासी उत्तरायणाला दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

याच कागदावर साखरेचा शेवटचा रिपोर्ट लिहा. मधुमेहात टेंडन कडक आणि जाड होतं, बरं व्हायला जास्त वेळ लागतो. वजन, रजोनिवृत्ती आणि झोपही नोंदवा. झोपेबद्दल विचारलं की लोक हसतात, पण रात्री दोनला झोपून सहाला उठणाऱ्याचं टेंडन आरामात बरं झालेलं माझ्या पाहण्यात नाही.

पायरी ३: सोनोग्राफी, एमआरआय लागतं का

“सर, एमआरआय करूनच येतो” हे वाक्य मी रोज ऐकतो. बहुतेकांना त्याची गरज नसते. बोटाने दाखवलेली जागा आणि भाराप्रमाणे वाढणारं दुखणं जुळलं की निदान झालं. ज्यांना काहीही दुखत नाही अशा कित्येकांच्या टेंडनमध्येही सोनोग्राफीत बदल दिसतात, चाळिशीनंतर तर सर्रास. खांद्याच्या रिपोर्टात ‘पार्शल टेअर’, म्हणजे टेंडन थोडं फाटलंय, असं वाचून माणूस हात गळ्यात बांधून बसतो, आणि मग खरंच खांदा आखडतो. असे खांदे मोकळे करण्यात माझे बरेच आठवडे जातात.

तुटल्याची शंका, निदानात घोळ, किंवा नीट तीन-चार महिने व्यायाम करूनही फरक नाही, या तीन वेळी मात्र चित्र जरूर काढा. आधी सोनोग्राफी. ती स्वस्त आहे आणि पाय हलवत असतानाच बघता येते.

पायरी ४: शांत करा, पण अंथरुणावर बसवू नका

पहिले एक-दोन आठवडे भडकवणाऱ्या गोष्टी कमी करायच्या. उड्या, पळणं, चढ बंद, सपाट चालणं चालू. टाचेच्या टोकाचं दुखणं असेल तर चपलेत टाचेखाली सेंटिमीटरभर उंचीची पट्टी घाला आणि पोटरी ताणण्याचे व्यायाम सोडा. ताणताना टेंडन हाडावर दाबलं जातं आणि दुखणं वाढतं. हे सांगितलं की लोक नाराज होतात, कारण भिंतीला हात टेकून पोटरी ताणणं प्रत्येकाला कुणी ना कुणी शिकवलेलं असतं. नितंबाच्या दुखण्यातही हाच नियम: मांडीवर मांडी टाकून बसणं, एका पायावर भार देऊन उभं राहणं आणि दुखऱ्या कुशीवर झोपणं टाळा. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या.

या काळात पकडून ठेवायचा व्यायाम: दोन्ही टाचा उचलून ४५ सेकंद तसंच उभं राहा, दोन मिनिटं थांबा, असं पाच वेळा. गुडघ्याच्या टेंडनमध्ये २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात याने लगेच दुखणं कमी झालेलं दिसलं. नंतरच्या अभ्यासांत, विशेषतः टाचेत, सगळ्यांना तसा गुण आलेला नाही. तुम्हाला येत असेल तर करा, नाहीतर थेट पुढच्या पायरीवर जा.

आता सगळ्यात कामाचा नियम. व्यायाम करताना १० पैकी ५ पर्यंत दुखलं तरी चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेलं असलं पाहिजे, आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. स्वीडनच्या कारिन सिल्बरनागेल यांनी २००७ मध्ये हा नियम वापरून ॲकिलीसच्या रोग्यांना पळणं-उड्याही चालू ठेवू दिल्या, आणि पहिले सहा आठवडे ते बंद ठेवणाऱ्यांपेक्षा त्यांचं काही बिघडलं नाही. घाबरट रोग्याला मी ५ ऐवजी ३ सांगतो.

मोजायचं कसं? सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं टाका आणि दुखणं ० ते १० मध्ये किती, तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. आदल्या दिवशी काय केलं ते शेजारी एका शब्दात. महिन्याभराने ते पान घेऊन माझ्याकडे या. तेवढ्यावरून मला एमआरआयपेक्षा जास्त कळतं.

पायरी ५: वजन

बरं होणं इथे घडतं, आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात.

१९९८ मध्ये स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी ऑपरेशनच्या रांगेत असलेल्या १५ हौशी धावपटूंना पायरीच्या कडेवर उभं करून टाच सावकाश खाली सोडायला लावली. दोन प्रकारे, गुडघा सरळ आणि गुडघा किंचित वाकवून, प्रत्येकी १५ चे तीन संच, दिवसातून दोनदा, रोज, १२ आठवडे. म्हणजे दिवसाला १८०. पंधराही जण पुन्हा पळू लागले. २०१५ मध्ये डेन्मार्कात या पद्धतीची तुलना आठवड्यातून तीनदा करायच्या जड आणि संथ व्यायामाशी झाली. गुण सारखाच, पण वेळ कितीतरी कमी, आणि लोक दुसऱ्यावर जास्त खूश. मी हीच जड आणि संथ पद्धत देतो. जोरदार व्यायामानंतर पहिला दिवस-दीड दिवस टेंडनमधलं कोलॅजन झिजतं जास्त आणि बनतं कमी, मग बनणं वरचढ होतं. म्हणून मधला दिवस मोकळा सोडायचा.

जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीच्या कडेवर पंजे टेकवून उभं राहा, कठडा धरा. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजा, नाहीतर हमखास घाई होते. दोन्ही पायांनी वर जा, दुखऱ्या एका पायावर खाली या. काही दिवसांनी वरही एकाच पायाने. टाच पायरीच्या पातळीखाली जाऊ द्या, पण फक्त मधल्या भागाचं दुखणं असेल तरच. टोकाचं असेल त्यांनी हे सपाट फरशीवर करायचं, टाच फरशीला टेकली की थांबायचं. मधल्या भागासाठीचा व्यायाम टोकाला दिला की दुखणं वाढतं, आणि ‘फिजिओथेरपीने बिघडलं’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं असंच झालेलं असतं.

पहिल्या आठवड्यात १५ चे तीन संच, तेवढंच वजन की पंधराव्याला दम लागला पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात १२ चे तीन. चौथ्या-पाचव्यात १० चे चार, सहा ते आठ ८ चे चार, नऊ ते बारा ६ चे चार. आकडा कमी होतो तसं वजन वाढवायचं. वजन म्हणजे शाळेची जुनी दप्तरबॅग पाठीवर आणि त्यात पाच किलो आट्याची पिशवी. मग दुसरी पिशवी, मग पाण्याच्या बाटल्या, एक लिटरला एक किलो. पिशवी पाठीला घट्ट बसली पाहिजे, लोंबकळली तर कंबर धरते. याच्या जोडीला खुर्चीत बसून, गुडघ्यावर तीच बॅग ठेवून टाचा उचला. गुडघा वाकलेला असताना पोटरीचा आतला स्नायू काम करतो आणि त्यालाच लोक विसरतात.

पहिले तीन-चार आठवडे फारसा फरक वाटणार नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास कॅलेंडरवरचे सकाळचे आकडे खाली यायला लागतात. नवव्या आठवड्यात एखाद्या लग्नात नाचून आल्यावर ते पुन्हा वर जातात. तेव्हा दोन दिवस वजन कमी करा, सगळं बंद करू नका.

पायरी ६: उडी, आणि मग गरबा

एका पायावर वीस टाचा जमतात, सकाळचा आकडा २ च्या आत आहे, तर उड्या सुरू. आधी दोन्ही पायांवर दोरीवरच्या, २० चे तीन संच, आणि मधे दोन दिवस मोकळे. दोन आठवड्यांनी एका पायावर. मग गरब्याचा सराव, आधी बे ताळी (दोन टाळ्यांचा), मग त्रण ताळी (तीन टाळ्यांचा), गिरक्या आणि उड्यांचे वेगवान प्रकार सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे, आणि बूट घालून.

मराठी घरांसाठी मी कॅलेंडर सोपं करून देतो: वटपौर्णिमेला सुरुवात करा. वटपौर्णिमा ते घटस्थापना, अधिक महिना मधे आला नाही तर, साधारण १०४ दिवस, म्हणजे जवळपास पंधरा आठवडे. पहिला आठवडा शांत करण्यात, मग अकरा आठवडे वजन, शेवटचे तीन उड्या आणि सराव. आषाढी एकादशीला जागे झालात तर अकरा आठवडेच हातात उरतात. मग उड्यांचा वेळ कापला जातो, आणि त्या वर्षी ताळ्यांवरच समाधान मानायचं. गणपतीत आलेल्या पोरींना मी सरळ सांगतो, यंदा पास घेऊ नका. ऐकत कुणीच नाही.

नवरात्रातही नऊच्या नऊ रात्री जोरात खेळायच्या नसतात. एक रात्र मनसोक्त, दोन रात्री साधं, असं फिरवा. दसऱ्यानंतर आठवड्यातून दोन दिवस तीच पायरी आणि तीच बॅग वर्षभर चालू ठेवा.

गुडघा आणि कोपर

वाटीखालच्या टेंडनसाठी मार्ग तोच, व्यायाम बैठकांचा. जुम्मादादा व्यायाम मंदिरात आणि गावातल्या इतर आखाड्यांत घडलेल्या मंडळींना बैठक शिकवावी लागत नाही, पण ते झपाझप शंभर मारतात. टेंडनला हवी असते संथ आणि जड बैठक: तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, पाठीवर वजन, आणि आधी गुडघे काटकोनापर्यंतच. संच वरच्याच तक्त्याप्रमाणे.

कोपराला वेगळी काळजी लागते, कारण हाताला सुट्टी नसते. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळहात खाली, मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. सावकाश वर, त्याहून सावकाश खाली, १५ चे तीन संच, एक दिवसाआड. मग एक लिटर. दुसरा व्यायाम लाटण्याचा: एका टोकाला धरा, उभं ठेवा, आणि सावकाश एकदा आत, एकदा बाहेर कलतं करा. जड वाटलं तर टोकाऐवजी मधल्या भागाजवळ धरा. घरकामात भांडं तळहात वर ठेवून, कोपर अंगाजवळ धरून, दोन्ही हातांनी उचला. चादर पिळण्याऐवजी नळाला वेढा देऊन एका दिशेने ओढून निथळवा. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरला टेनिस एल्बो झाला तेव्हा हे नाव घराघरात पोहोचलं, पण माझ्याकडे बॅटवाल्यांपेक्षा लाटणंवाल्या जास्त येतात. बहुतेकांचं वर्षभरात बरं होतं, व्यायामाने मधला काळ सुसह्य होतो.

इंजेक्शन, मशिनं, ऑपरेशन

स्टिरॉइडचं इंजेक्शन कोपरात दिलं की आठवड्याभरात माणूस खूश होतो. पुढचं कुणी सांगत नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात १६५ रोग्यांवर झालेल्या अभ्यासात, वर्षभरात दुखणं उलटून येण्याचं प्रमाण स्टिरॉइड घेतलेल्यांत ५४ टक्के होतं, आणि नुसतं खारं पाणी टोचलेल्यांत १२ टक्के. ॲकिलीसमध्ये तर टेंडन तुटण्याचीच भीती असते, तिथे मी स्पष्ट नको म्हणतो. खांद्यात, झोपच लागत नसेल तेव्हा, एखादं घेऊन त्या शांत काळात व्यायाम सुरू करणं समजण्यासारखं आहे.

पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन, महाग असतं. ॲकिलीसच्या मधल्या भागावर २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये त्याची तुलना खाऱ्या पाण्याशी झाली. दोन्ही गटांना व्यायाम दिला होता, आणि दोघांत फरक दिसला नाही. २०२१ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासातही तसंच निघालं. तेवढ्या पैशात चांगल्या फिजिओथेरपिस्टच्या बऱ्याच भेटी होतात, आणि खर्च परवडत नसेल तर सयाजी हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपी विभाग आहे. शॉकवेव्हचा, म्हणजे मशिनने दुखऱ्या जागी दिलेल्या दाबलहरींचा, काहींना व्यायामाच्या जोडीने उपयोग होतो, विशेषतः टाचेच्या टोकाच्या दुखण्यात. मालिशने स्नायू सैल होतो, बरं वाटतं, करा, पण दुखऱ्या बिंदूवर अंगठ्याने रगडू नका.

ऑपरेशनचा विचार सहा महिने नीट वजन उचलूनही फरक पडला नाही तर. ‘नीट’ हा शब्द मी कॅलेंडर पाहून ठरवतो. पुष्कळदा त्यावर दोन महिन्यांचे आकडे आणि मग कोरी पानं असतात. खरोखरच वेळ आली तर सर्जनला आधीच तीन गोष्टी विचारून घ्या: टाच जमिनीला कधी टेकवायची, वजनाचा व्यायाम कोण करून घेणार, आणि उड्या कोणत्या महिन्यापासून. ऑपरेशननंतरही त्याच पायरीवर, त्याच बॅगेसकट उभं राहावं लागतं, आणि तेव्हा सुरुवात रिकाम्या बॅगेपासून होते.